रुपरावांचे बिल्ले

मी चिडकी आहे हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी तक्रार करायला नको. मिशनच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं, शेकड्यांनी कान पिळले, आणि रिटायर झाल्यावर पिळायला कान उरले नाहीत म्हणून मंडळीच्या कमिटीत शिरले. मंडळी म्हणजे आमचं चर्च. तिथे कान पुष्कळ आहेत, पण पिळू देत नाहीत.

ही गोष्ट बहात्तर सालची. त्या वर्षी नागपुरातल्या आमच्या मंडळीत अविश्वासी माणूस शोधायची मोहीम निघाली. आठ महिने मोहीम चालली. दोनशेच्या आसपास माणसं तपासली आणि त्यात अविश्वासी सापडली एक. ऐंशी वर्षांची बायजाबाई. प्रभुभोजनाची भाकर भाजणारी. हसू नका, पुढे ऐका.

मोहीम काढली रुपरावांनी. रुपराव मंडळीचे वडील. वडील म्हणजे वयाने नव्हे, पदाने. पाळकाच्या खालोखाल त्यांचाच मान. जन्मभर रेल्वेत तिकीट तपासनीस होते, इटारसीच्या लाईनवर. नोकरी संपली पण काळा कोट काही अंगावरून उतरला नाही. मे महिन्यात, जेव्हा आमच्या गावात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तेव्हाही हा माणूस कोट घालून उपासनेला यायचा. जगात त्यांना दोनच जातीची माणसं दिसायची, तिकीटवाली आणि बिनतिकीट.

झालं असं की सामानाच्या खोलीतलं जुनं कपाट आवरताना रुपरावांना शिशाचा एक बिल्ला सापडला. पूर्वी मिशनचे स्कॉच साहेब लोक होते तेव्हाची ती पद्धत. प्रभुभोजनाच्या आधी वडील घरोघर जायचे, माणसाची विचारपूस करायचे, आणि सगळं ठीक दिसलं की एक बिल्ला द्यायचे. तो दाखवला की मेजावर भाकर आणि द्राक्षारस मिळायचा. साहेब गेले, पद्धत गेली, आणि माझा बाप सांगायचा त्याप्रमाणे उरलेले बिल्ले अंबाझरीच्या तळ्यात मासे धरणाऱ्यांच्या जाळ्यांना वजन म्हणून लागले. मला विचाराल तर त्यांचा याहून चांगला उपयोग कधी झाला नसेल.

पण रुपरावांनी तो बिल्ला हातात धरला आणि त्यांचे डोळे भरून आले. तिकीट! देवाच्या घरातसुद्धा एके काळी तिकीट होतं!

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी ठराव मांडला. घरोघर जायचं. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा, येशू कोण आहे? बरोबर उत्तर दिलं की बिल्ला. बिल्ला नाही त्याला प्रभुभोजन नाही, आणि मेल्यावर मंडळीच्या कब्रस्तानात जागाही नाही.

"जागा थोडी राहिली आहे," रुपराव म्हणाले, "आणि विश्वास त्याहून थोडा. प्रभू स्वतः म्हणाला आहे, योहानाचा आठवा अध्याय काढा, मी तो आहे असा तुमचा विश्वास नसेल तर तुम्ही आपल्या पापातच मराल. म्हणजे ओळख पटली पाहिजे. ओळख नाही, तर आत प्रवेश नाही."

"ओळख आपल्याला त्याची पटली पाहिजे की त्याला आपली?" मी विचारलं.

"यमुताई, तुम्ही फाटे फोडू नका."

पाळक देवराव टेबलाच्या टोकाला बसले होते. भला माणूस, तरुण, गळा गोड, आणि कणा म्हणाल तर शोधावा लागायचा. कुठलाही प्रश्न आला की त्यांचं एक उत्तर ठरलेलं होतं, ते त्यांनी दिलं. "पाहू पुढे," ते म्हणाले. ठराव पास झाला.

रुपराव कागद घेऊन इतवारीच्या बाजारात गेले. तिथे चंद्रभान नावाचा कारागीर होता, भांड्यांवर नावं कोरायचा. मूळचा उमरेडचा, घरचा हातमाग बसला म्हणून हातात छिन्नी घेतलेला. लग्नाची भांडी, बारशाच्या वाट्या, मेलेल्याच्या नावाने दिलेले हंडे, सगळ्यांवर त्याचं अक्षर. रुपरावांनी त्याला दोनशे पितळी चकत्यांची ऑर्डर दिली आणि कागद ठेवला. कागदावर वर लिहिलं होतं, मी तो आहे. त्याखाली, योहान ८:२४. आणि अगदी तळाला, माल कोणाला द्यायचा ते कळावं म्हणून, रुपराव.

आठ दिवसांनी पोतडी आली. आम्ही तिघांनी ती पाळकसाहेबांच्या खोलीत उघडली. मी एक बिल्ला उचलला. मोठ्या सुरेख अक्षरात वर कोरलं होतं, मी तो आहे. आणि त्याच्याखाली, तेवढ्याच सुरेख अक्षरात, रुपराव.

मी दुसरा उचलला. तिसरा उचलला. दोनशेच्या दोनशे.

मी इतकी हसले की पाळकसाहेबांनी मला पाणी दिलं. रुपराव लाल झाले आणि तडक इतवारीत निघाले. मीही मागे गेले. असा तमाशा मी सोडते होय?

चंद्रभानने छिन्नी खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "योहान कोण हाय गा? ऑर्डर त्याची की तुमची? एका भांड्यावर दोन नावं टाकली का घरात भांडणं होते. वीस वर्षांपासून पाहून राहिलो मी. वाटण्या झाल्या का पातेल्यावरून डोकी फुटते. म्हणून ज्याची ऑर्डर त्याचं नाव."

"आणि आठ चोवीस?"

"ते मले तारीख वाटली. साल नव्हतं लिवलं, म्हणून सोडून देल्ली."

आता कोणीही शहाण्या माणसाने काय केलं असतं? दोनशे चकत्या तिथेच टाकल्या असत्या आणि कपाळाला हात लावला असता. रुपरावांनी एक बिल्ला खिडकीकडे धरला, तिरपा केला, बोटाने अक्षरावर फिरवला. माझ्या डोळ्यांदेखत त्यांचा राग उतरत गेला.

"कोरलं तर छान आहे," ते म्हणाले.

"रुपराव!"

"अहो, खाली नाव म्हणजे सही. देणाऱ्याची सही. पाठीमागे कोण जबाबदार आहे हे कळायला नको?"

"वर 'मी तो आहे', खाली तुमचं नाव. वाचणारा काय समजेल?"

"विश्वासणारा बरोबर तेच समजेल जे समजायला पाहिजे."

मी पाळकसाहेबांकडे गेले. ते म्हणाले, पाहू पुढे.

तर असे ते बिल्ले घेऊन आम्ही घरोघर फिरलो. अक्षर चांगलं म्हणून वही माझ्याकडे. नाव लिहायचं, उत्तर बरोबर की चूक ते लिहायचं. चूक कोण देणार? आमच्यातलं शेंबडं पोरही ते उत्तर झोपेत देतं. येशू कोण आहे, जिवंत देवाचा पुत्र, झालं, बिल्ला घ्या. एक कंत्राटदार आहे आमच्यात, रोज रात्री बायकोला मारतो, शेजाऱ्यांना घड्याळ लावायची गरज पडत नाही. त्याने एका दमात उत्तर दिलं, वर दोन वचनंही म्हणून दाखवली. रुपरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याची बायको दाराआड उभी होती, तिने उत्तर हळू दिलं म्हणून तिला पुन्हा विचारलं.

बिल्ला पाहून कोणी काही बोललं नाही. लोक तो उलटापालटा करायचे, रुपरावांकडे पाहायचे, आणि नमस्कार करून खिशात टाकायचे. दार लागल्यावर आतून हसायचा आवाज यायचा. रुपरावांना वाटायचं, आनंद झाला बिचाऱ्यांना.

कब्रस्तानाच्या फाटकावर नत्थू राखणदार होता. त्याच्या घरच्यांनी छप्पनला दीक्षा घेतलेली. घरात बुद्धाची तसबीर, आणि दिवसभर आमची मेलेली माणसं राखायची. चार बुकं शिकलेला, आणि चेहरा असा की आत काय चाललंय पत्ता लागू नये. रुपरावांनी त्याला एक बिल्ला दाखवला.

"नीट पाहून ठेव. यापुढे हा असला तरच खड्डा खणायचा. माझं नाव पाहायचं. नाव दिसलं की दुसरं काही विचारायचं नाही."

"पाळकसाहेबाची चिठ्ठी?"

"चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. माझं नाव बस."

"बरं बावा," नत्थू म्हणाला.

आणि मग आम्ही बायजाबाईकडे गेलो.

बायजाबाई मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. निम्मी मंडळी तिच्या हातावर जन्मली. नवरा धोंडबा चर्चचा माळी, तो जाऊन नऊ वर्षं झालेली. मूलबाळ नाही. दर ईस्टरला ती धोंडबाच्या कबरीला चुना लावायची, आणि त्याच्या शेजारच्या मोकळ्या जागेभोवतीही चुन्याची एक चौकट ओढून ठेवायची. ती तिची जागा. कोणी चुकून दुसऱ्याला देऊ नये म्हणून. पावसाने रेघ धुऊन जायची, की ही पुन्हा ओढायची.

प्रभुभोजनाची भाकर तीच भाजायची, आणि द्राक्षारसही तिचाच. आमच्याकडे कुठला द्राक्षारस, मनुके भिजवायचे, उकळायचे आणि गाळायचे. आम्ही गेलो तेव्हा ती मनुक्यांचे देठ काढत होती.

"बस गा रुपराव. यमू, बस वं. पाणी पेता?"

"पाणी नको, बायजाबाई," रुपराव म्हणाले. एरवी तिला मावशी म्हणणारा माणूस, वही उघडली की बाई म्हणायला लागला. "एक प्रश्न आहे. येशू कोण आहे?"

"आधी ते काय आणलं ते तं दाखव. सारी गल्ली बोलून राहिली त्याच्याबद्दल."

त्यांनी बिल्ला दिला. तिने तो दाराच्या उजेडात धरला. वाचायला ती दवाखान्यातल्या मेमसाहेबाकडे शिकली होती, एकेक अक्षर जोडत वाचायची.

"मी... तो... आहे." तिने डोळे बारीक केले. "रुप... राव."

तिने बिल्ल्याकडे पाहिलं, रुपरावांकडे पाहिलं, पुन्हा बिल्ल्याकडे पाहिलं.

"कोण हाय तू?"

"मी नाही. तो. प्रभू."

"इथं तं तुयं नाव हाय."

"ती सही आहे."

"कायची सही? तू तो हाय म्हून सही करून राहिला का?"

रुपरावांचा संयम सुटला. अजून अकरा घरं बाकी होती. "बायजाबाई, वेळ घालवू नका. यावर जे लिहिलं आहे त्यावर तुमचा विश्वास आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांगा."

"याच्यावर?" तिने बिल्ला वर केला.

"त्याच्यावरच."

"नाही," बायजाबाई म्हणाली. "नाही बावा. तू तो नोहे. पायाकडून आलता तू, निळा पडला होता. मी तुले उलटा धरून पाठीत चापट मारली तवा कुठं रडला. तवापासून ओळखून राहिली मी तुले. तू रुपरावच हाय."

मला हसू आवरेना. रुपरावांना आवरायला काही नव्हतंच. त्यांनी तिच्या हातातून बिल्ला काढून घेतला आणि मला म्हणाले, "लिहा. बिल्ल्यावर लिहिलं आहे त्यावर अविश्वास."

आणि मी लिहिलं. तीस वर्षं पोरांना शुद्धलेखन घातलं, कोणी सांगितलं की हात आपोआप चालतो, ही माझी सबब. दुसरी सबब नाही. बायजाबाई माझ्याकडे पाहत होती आणि मी मान खाली घालून स्वच्छ अक्षरात लिहिलं. त्या रात्री जेवण गेलं नाही मला. शरम वाटली, आणि अजून वाटते.

ईस्टरला रुपराव दारात उभे राहून बिल्ले तपासत होते. बायजाबाई नेहमीसारखी आली, भाकरीचं फडकं आणि द्राक्षारसाचा लोटा पाळकसाहेबांच्या हातात दिला, आणि बाहेर पायरीवर चपलांशेजारी बसली. आत आम्ही सगळे तिच्या हातची भाकर खाऊन डोळे मिटून प्रार्थना करत होतो. कंत्राटदाराने तर दोनदा आमेन म्हटलं. मीही खाल्ली. 

पुढच्या मीटिंगमध्ये मी तोंड उघडलं.

"रुपराव, तो आठवा अध्याय तुम्ही पूर्ण वाचला आहे का कधी? की चोवीसच्या पुढे गाडी जात नाही?"

"पाठ आहे मला."

"मग सांगा, पापात मराल हे तो म्हणाला कोणाला? बाहेर चपलांजवळ बसलेल्या बाईला म्हणाला? देवळात म्हणाला, भर देवळात, सगळं शास्त्र पाठ असलेल्या लोकांना. आम्ही देवाला ओळखतो असं छाती ठोकून सांगणाऱ्यांना. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला एका बाईला दगडांनी मारायला धरून आणलं, आणि शेवटी त्याच्यावरच दगड उचलले. का, तर अब्राहामाच्या आधीपासून मी आहे असं तो म्हणाला म्हणून. सुरुवातीचे दगड आणि शेवटचे दगड, दोन्ही देवळातल्याच माणसांच्या हातात. पाठ असलेल्या माणसांच्या."

रुपरावांनी कोटाचं बटण लावलं. 

"तुम्ही मराठी शिकवत होता," रुपराव म्हणाले, "बायबल नाही. अविश्वासाला माफी नाही. बाईने माझ्यासमोर नाही म्हटलं, तुमच्याच अक्षरात आहे."

 अक्षर माझंच होतं.

"पाहू पुढे," पाळकसाहेब म्हणाले.

पुढे पाहायला कोणाला वेळ होता? पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमाराला बायजाबाईने अंथरूण धरलं. छातीत कफ, अन्न जाईना. मी रोज पेज घेऊन जायची. एके दिवशी मी तिच्या खाटेवर बसले आणि हात जोडले.

"बायजाबाई, मी रुपरावांना घेऊन येते. एकदा ते उत्तर म्हण ना. पाठ आहे तुला. माझ्या आधीपासून पाठ आहे."

"हाय नं पाठ."

"मग?"

"त्यानं इचारलं तं त्याले सांगीन. रुपरावले काहून सांगू?"

"अगं, प्रश्न जागेचा आहे! धोंडबाशेजारी जागा मिळायची नाही तुला!"

हे ऐकून मात्र तिचा चेहरा पडला.  मग डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलंही नाही.

"त्याच्या मरणाच्या दिवशी मी भांडली होती त्याच्यासंग," ती म्हणाली. "भाजीत मीठ नाही म्हणे, तं मी म्हटलं तूच कर. दुपारी वाफ्यातच पडला. बोलणं राहून गेलं, यमू. तिथं बाजूले पडली तं बोलीन म्हटलं होतं." खोकला आला, मी पाठ चोळली. "पण तेवढ्यासाठी खोटं बोलू का वं? तो बिल्ला हातात घेऊन हो म्हणू? तो कोण हाय ते मले इतकं सांगता नाही येत. मी कोण हाय ते त्याले मालूम हाय. बस नं मग."

मी घरी येऊन रडले. मग रुपरावांवर इतकी चिडले की हातातलं भांडं आपटलं, त्याला अजून पोचा आहे.

चार दिवसांनी सकाळी बायजाबाई गेली. निरोप आला तेव्हा मी आधी रुपरावांकडे धावले. ते कोटाला ब्रश करत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण नियम सगळ्यांना सारखा. बिल्ला नाही. सरकारी जागेत न्या, मी माणसं देतो."

"तिने तुम्हाला पहिला श्वास दिला हो!"

"म्हणूनच तर माणसं देतो म्हणतो. भावना वेगळी, सिद्धान्त वेगळा."

मग पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "पाहू पुढे म्हणालात तर इथेच ओरडेन मी."  त्यांचे डोळे लाल दिसत होते. ते म्हणाले, "चार वाजता प्रेत आणा. मी फाटकाशी येतो." मग काय करणार ते बोलले नाहीत, मला वाटतं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी घरी आले, कपाटातून माझा बिल्ला काढला आणि कब्रस्तान गाठलं. नत्थू फाटकाजवळ बिडी ओढत बसला होता.  मी बिल्ला त्याच्या हातावर ठेवला आणि म्हटलं, "धोंडबाच्या बाजूला. चुन्याच्या चौकटीत."

नत्थूने बिल्ला वाचला. माझ्याकडे पाहिलं. कोणासाठी ते त्याला न सांगता कळलं असणार, कारण सकाळपासून गावभर तेच चाललं होतं. तोंडावरची माशीही हलली नाही.

"रुपरावजीचं नाव हाय," तो म्हणाला. "मले दुसरं काही इचारायचं नाही असं सांगितलं हाय." आणि कुदळ घेऊन उठला.

चार वाजता आम्ही तिला घेऊन आलो. सगळी मंडळी होती. खरं सांगते, इतकी माणसं मी ईस्टरलाही पाहिली नाहीत. तिच्या हातची पोरं ती, आता म्हातारी झालेली, टक्कल पडलेली, सगळी आली होती. कंत्राटदाराची बायको एकटी आली होती. मी वही काखेत मारून चालत होते. कशाला घेतली होती, सांगता येत नाही. जिने ते लिहिलं तिच्याजवळच ती असावी असं वाटलं.

खड्डा तयार होता. आणि खड्ड्याच्या काठाशी काळा कोट.

"कोणी खणलं हे?" रुपराव ओरडत होते. "कोणाच्या हुकमाने?"

"तुमच्या," नत्थू म्हणाला.

"माझ्या?"

नत्थूने सदऱ्याच्या खिशातून बिल्ला काढला, पुसला, आणि पुढे धरला. "हे पाहा नं. तुमीच सांगितलं होतं, माझं नाव पाहायचं, दुसरं काही इचारायचं नाही. नाव पाहिलं, खणलं."

"अरे पण हा तिचा बिल्ला नाही!"

"तिचं नाव कुठं राहते याच्यावर, रुपरावजी? साऱ्याईवर तुमचंच तं हाय." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, शाळेत पोरगं धडा वाचतं तसं, त्याने वाचलं. "मी तो आहे. रुपराव." आणि बिल्ला खाली केला. "म्हटलं, असंल बावा. आमच्यात देव नाही, आमाले काय समजते त्यातलं. तुमच्यात हाय. तुमी म्हणता मी तो हाय, तं असान तुमी. देवाचा हुकूम, मी नाही कसा म्हणू?"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग दुसरं कोणी. प्रेत खांद्यावर घेतलेली माणसं ओठ चावून उभी होती.

रुपरावांचा चेहरा जांभळा झाला. "मूर्खा!" ते किंचाळले. "मी तो नाही! कोण म्हणतं मी तो आहे? मी तो नाही!"

हसणं एकदम थांबलं.

मग ज्या माणसाने तीन वर्षांत कशाचाही निकाल दिला नव्हता तो पुढे आला. पाळकसाहेबांचा आवाज कापत होता, पण निघाला.

"यमुताई, बायजाबाईंच्या नावापुढे वहीत काय लिहिलं आहे?"

मी वही उघडली.  वाचलं, "बिल्ल्यावर लिहिलं आहे त्यावर अविश्वास."

"आणि बिल्ल्यावर काय लिहिलं आहे ते नत्थूने आताच वाचलं. रुपराव, तुमचा तरी त्यावर विश्वास आहे का?"

 शंभर माणसं रुपरावांकडे पाहत होती. हो म्हणावं तर देव व्हावं लागत होतं, नाही म्हणावं तर बायजाबाईच्या पंक्तीला बसावं लागत होतं.

"नाही," ते शेवटी म्हणाले. इतक्या हळू की मी पुन्हा विचारायला लावणार होते, कंत्राटदाराच्या बायकोला विचारलं होतं तसं. पण बायजाबाई खांद्यावर होती, म्हणून गप्प राहिले.

"मग तिचं उत्तर बरोबर होतं," पाळकसाहेब म्हणाले. "बाजूला व्हा. हिला धोंडबाजवळ जायचं आहे."

रुपराव बाजूला झाले. आम्ही तिला खाली उतरवलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना म्हटली, माती दिली, मी दिली, सगळ्यांनी दिली. सगळ्यांच्या मागून, कोट काढून हातावर घेतलेला, रुपराव आले आणि त्यांनीही मूठभर माती टाकली. "मावशी," असं काहीतरी म्हणाले. मला नक्की ऐकू आलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

गर्दी पांगली. मी नत्थूकडे बिल्ला परत मागितला.

"राहू द्या नं बाई माह्याजवळ," तो म्हणाला. "कामी पडंल."

"कोणाच्या?"

"रुपरावजीच्या. साऱ्याईले वाटले त्याईनं, पण त्याईले कोणी देल्ला? त्याईले आणलं त्या दिवशी मी कोणाचा पाहू?"

मी तिथेच फाटकाशी उभी राहून वही उघडली. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. एकशे ब्याण्णव नावं होती, सगळी माझ्याच अक्षरात. रुपरावांचं नव्हतं. सगळ्यांना प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसाला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

मी बिल्ला नत्थूकडेच ठेवला.